एसटी विकून टाका म्हणणाऱ्यांनो, मुक्कामी गाडीचं काय करायचं?

पाटणची_पोर

काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी बातमीचं कात्रण टाकलं. एसटीचा साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेलाय, अशी बातमी. खाली त्यांची मल्लीनाथी: "विकून टाका एकदाची. सरकारचं काम बस चालवणं नाही." पाच मिनिटांत अठरा अंगठे. त्यातले निम्मे लोक गेल्या दहा वर्षांत एसटीत बसलेले नाहीत, हे मी पैजेवर सांगते.

मी काही लिहिलं नाही, कारण मला नीट उत्तर येत नव्हतं. म्हणून इथे धागा काढतेय.

माझं अकरावी-बारावी मुक्कामी गाडीवर झालं. गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी आमच्याकडे यायची, तोवर आत पाच-सहा माणसं उरलेली असायची. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे. पहाटे सहाला तीच गाडी निघायची आणि दुसऱ्या वस्तीपर्यंत उभं राहायला जागा नसायची. कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, भाजीच्या पाट्या, एकदा तर बोकडसुद्धा (त्याचं तिकीट फाडलं की नाही यावर अजून गावात दुमत आहे).

प्रश्न साधा आहे. उद्या एसटी एखाद्या कंपनीला दिली तर ही गाडी चालेल का? 'लालपरी आमची शान' वगैरे नको. तसंच 'सगळे कामचोर आहेत' हेही नको. ज्यांना हिशेब कळतो त्यांनी हिशेब सांगा.

हिशेबनीस

चांगला धागा. तुमच्या ग्रुपवरच्या काकांची बाजू घेतो, कारण इथे कुणी घेणार नाही.

आधी आकडे. एसटीकडे आज ढोबळमानाने पंधरा हजार गाड्या आहेत आणि ऐंशी हजारांहून जास्त माणसं. म्हणजे गाडीमागे पाचाच्या वर. शेजारचा ट्रॅव्हल्सवाला यापेक्षा किती कमी माणसांत गाडी पळवतो ते तुम्हीच बघा. गाड्या जुन्या, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च जास्त. दुरुस्तीत गाडी उभी, म्हणून फेरी रद्द. फेरी रद्द, म्हणून प्रवासी वडापकडे (माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीपकडे). प्रवासी गेला की उत्पन्न घटतं आणि नवी गाडी घ्यायला पैसा उरत नाही. या चक्राला बाहेरून कुणीतरी धक्का दिल्याशिवाय ते थांबणार नाही.

आता तुमची मुक्कामी गाडी. कंपनी ती चालवेल का? नफ्यासाठी नाही चालवणार. पण कुणी म्हटलं की तिने फुकट चालवावी? सरकारने सांगावं: या वस्तीला रात्री एक गाडी गेली पाहिजे आणि पहाटे सुटली पाहिजे, किलोमीटरला इतके रुपये देऊ, कोण चालवतं बोला. जो कमीत कमी मागेल त्याला द्या. एसटीलाही बोली लावू द्या. गावाला गाडीशी मतलब, तिच्यावर कुणाचं नाव रंगवलंय त्याच्याशी नाही.

आज काय होतं? मुंबई-पुण्याच्या शिवनेरीत जे मिळतं त्यातून पाटणच्या वस्तीची गाडी चालते. म्हणजे शिवनेरीचा प्रवासी तुमच्या बोकडाचं तिकीट भरतोय आणि त्याला ते माहीतही नाही. हा खर्च लपवून ठेवला की तो कमी करता येत नाही आणि त्याचं समर्थनही करता येत नाही. उघड करा, मग बोलू.

टाळी_वाजवणारा_नाही

बोकडाचं तिकीट हा शब्दप्रयोग मराठी अर्थशास्त्राला मिळालेली देणगी आहे.

माजी_वाहक

एकतीस वर्षं घंटी वाजवली, म्हणून चार ओळी लिहितो. टंकन हळू आहे, सांभाळून घ्या.

हिशेबनीस साहेब, तुमचं गाडीमागे पाच माणसांचं गणित दिसायला बरोबर आहे. पण ट्रॅव्हल्सची गाडी रात्री नऊला सुटते, सकाळी पोचते, संपला विषय. तिला आगार नाही, स्थानक नाही, पासची खिडकी नाही, चौकशीची खिडकी नाही. आपल्याकडे अडीचशेच्या आसपास आगारं आणि त्याहून जास्त स्थानकं आहेत. तिथला शिपाई, सफाईवाला, वाहतूक नियंत्रक, मेकॅनिक, सगळे त्या पाचात धरलेले. शिवाय आमची गाडी दिवसभर चालते, म्हणजे एका गाडीवर दोन-दोन जोड्या लागतात. तरीही मी म्हणतो की कार्यालयात माणसं जास्त झाली होती आणि वर्कशॉपमध्ये कमी. ते तुमचं मान्य.

आता भारमान. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शंभर आसनं फिरवली आणि साठ भरली, तर भारमान साठ टक्के. हे फेरीवार काढतात. इथे मेख आहे. मुक्कामी गाडीची संध्याकाळची फेरी भारमानात मार खाणारच. पण संध्याकाळी गाडी वर गेली नाही तर पहाटे ती वरून सुटणार कशी? दोन फेऱ्या म्हणजे एकच फेरी आहे. ताईंनी लिहिलंय ना, पहाटे उभं राहायला जागा नसायची. कागदावर मात्र एक फेरी हिरवी आणि एक लाल. नवीन साहेब येतो, लालवर काट मारतो, आणि महिनाभराने विचारतो की हिरवी कुठे गेली.

तुमच्या टेंडरात हे कोण लिहिणार? ज्याने रात्री त्या गावात पथारी टाकलीय तोच लिहू शकेल.

हिशेबनीस

@माजी_वाहक, दोन फेऱ्यांचा मुद्दा पटला. पण तो टेंडरच्या विरोधात जात नाही. तो टेंडर कसं लिहायचं ते सांगतो. तुम्हीच लिहा.

माजी_वाहक

निवृत्तीनंतर कुणी विचारत नाही हो.

नवी_मुंबई_रिटर्न

बीएसएनएलचं काय झालं बघा. सरकारी खात्यात काम करणाऱ्याला भीती नसते. फोन लागायला आठ-आठ वर्षं थांबलेली पिढी आहे आमची. खासगी कंपन्या आल्या आणि आज भाजीवालीकडे स्मार्टफोन आहे.

पाटणची_पोर

@नवी_मुंबई_रिटर्न, फोनचा टॉवर एकदा उभा केला की पहिल्या माणसाला आणि हजाराव्या माणसाला तोच टॉवर. डोंगरात गाडी रोज न्यावी लागते, डिझेल रोज लागतं. दोन्ही एका मापाने कसे मोजणार?

भिवंडी_लूम

विजेचं उदाहरण द्या ना, बीएसएनएल कशाला. आमच्या भिवंडीत २००७ मध्ये महावितरणने वीजवाटप टोरंटकडे दिलं. देशातला असा पहिलाच प्रयोग. त्याआधी निम्म्याहून जास्त वीज चोरी आणि गळतीत जायची, म्हणजे वीज येते कुठून आणि जाते कुठे याचा पत्ता नव्हता. ट्रान्सफॉर्मर जळला की चार-चार दिवस माग बंद. ते बदललं. गळती पुष्कळ खाली आली. बिलांवरून लोक अजून शिव्या देतात, मोर्चे निघतात, पण माग चालू आहेत.

औरंगपुरा

भिवंडीचं उदाहरण देणारे नेहमी भिवंडीवर थांबतात. त्यानंतर २०११ च्या सुमारास आमच्या औरंगाबादेत, जळगावात आणि नागपुरातही फ्रँचायझी आल्या. आमची २०१४ मध्ये गेली, जळगावची त्यानंतर, नागपूरची २०१९ मध्ये. तिन्ही ठिकाणी शेवटी पुन्हा महावितरण. पाण्याचंही तेच. समांतर जलवाहिनीचं काम कंपनीला दिलं, २०१६ मध्ये महापालिकेने करार मोडला, आणि पुढची कित्येक वर्षं आम्ही आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्यासाठी टाक्या मोजत बसलो. कंपनी जाते, गाव कुठे जाणार?

पाणीपट्टी

+१. आणि पाण्याचा विषय निघालाच आहे तर मलकापूर विसरू नका, कऱ्हाडशेजारचं. छोट्या नगरपंचायतीने २००९ च्या आसपास घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. कंपनीला चालवायला न देता स्वतः. जेवढं वापराल तेवढं बिल, त्यामुळे वापर आपोआप कमी झाला. नागपुरात तेच काम २०१२ पासून खासगी कंपनीकडे आहे आणि तिथे मात्र अजून वाद मिटत नाहीत. सरकारी म्हणजे गलथान, हे समीकरण मलकापूरला लागू होत नाही. पण मलकापूर एवढंसं आहे हेही खरं. नळावरची बाई नगराध्यक्षाच्या घरी जाऊन भांडू शकते. मुंबईत कुणाच्या घरी जाणार?

टाळी_वाजवणारा_नाही

मुंबईत नगरसेवकाच्या घरी जायचं. तो नसला की त्याच्या बॅनरला सांगायचं.

बुऱ्हाणपूरकर

मी एमपीतला मराठी माणूस. मामाचं गाव रावेरला, त्यामुळे लहानपणापासून दोन्ही बाजूंच्या गाड्यांचा अनुभव. तुमचा प्रश्न आम्ही वीस वर्षांपूर्वी सोडवून बसलोय, म्हणून सांगतो काय झालं.

आमच्याकडे २००५ च्या सुमारास राज्य परिवहन महामंडळ गुंडाळलं. कारणं हीच: तोटा, जुन्या गाड्या, पगाराची थकबाकी. खासगी बसवाल्यांना परमिट. आता प्रामाणिकपणे सांगतो, मोठ्या रस्त्यांवर वाईट नाही झालं. इंदूरकडे दर थोड्या वेळाने गाडी, आणि गाड्याही चकाचक. भाव करता येतो, हे तुमच्याकडे नाही.

पण सीमा ओलांडून रावेरला उतरलं की फरक कळतो. एसटीच्या स्थानकात फळ्यावर वेळ लिहिलेली असते. गाडी उशिरा येईल, येणारच नाही, पण 'येणार होती' हे तरी तुम्ही कुणाला तोंडावर सांगू शकता. आमच्या बाजूला गाडी भरली की सुटते. भरली नाही तर का सुटली नाही, हे विचारायचं कुणाला? मालक एक, ड्रायव्हर दुसराच, गाडी तिसऱ्याच्या नावावर. आतल्या गावांना संध्याकाळनंतर मोटरसायकल हाच मार्ग. मुलींच्या शाळेचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

आणि आता गंमत. एप्रिल २०२५ मध्ये आमच्या सरकारने पुन्हा सरकारी परिवहन सेवा आणायची ठरवलं, मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा नावाने. बंद करायला एक बैठक पुरली, परत उभं करायला वीस वर्षं लागली, आणि अजून उभं राहायचंच आहे.

हिशेबनीस

@बुऱ्हाणपूरकर, फार महत्त्वाची माहिती. पण पूर्ण सांगा. त्या नव्या योजनेत सरकार गाड्या विकत घेणार आहे का? माझ्या माहितीप्रमाणे सरकारी कंपनी मार्ग आखणार, देखरेख करणार, गाड्या मात्र खासगी मालकांच्याच. म्हणजे वीस वर्षं हात पोळून घेतलेलं राज्यही जुन्या महामंडळाकडे परत गेलेलं नाही. ते मी वर म्हणतोय तिकडेच गेलंय.

बुऱ्हाणपूरकर

बरोबर आहे तुमचं. गाड्या खासगीच. आम्हाला तेवढंही चालेल, फळ्यावर वेळ लिहा म्हणावं.

ओल्डहॅमकर

मँचेस्टरजवळ राहतो, अकरा वर्षं झाली. इथलं थोडं सांगतो, कारण थॅचरबाईंच्या काळातला जो प्रयोग इथे झाला तो अगदी टोकाचा होता.

१९८६ मध्ये लंडन सोडून सगळ्या ब्रिटनमध्ये बससेवा मोकळी केली. कुणीही या, कुठेही चालवा, भाडं तुम्ही ठरवा. चार कंपन्यांच्या गाड्या एकाच गर्दीच्या रस्त्यावर एकमेकींच्या पुढे धावू लागल्या आणि बाजूच्या वसाहतींत तासाला एकही येईना. एका कंपनीचं तिकीट दुसरीत चालायचं नाही. मी आलो तेव्हाही हेच होतं. स्टॉपवर समोर गाडी उभी असायची आणि आपल्या पासवर चढता यायचं नाही. लंडनला मात्र हे केलं नाही. तिथे मार्ग, वेळा, भाडं सगळं सरकारी संस्था ठरवते आणि कंपन्या कंत्राटावर गाड्या चालवतात. तिथली बस लोक वापरत राहिले, बाकी देशात घसरण झाली.

मग सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ अशा तीन टप्प्यांत ग्रेटर मँचेस्टरने बस परत ताब्यात घेतली. सगळ्या गाड्या पिवळ्या, एकच तिकीट, ट्रामलाही तेच. चाक मात्र अजून कंपन्यांच्याच ड्रायव्हरांच्या हातात आहे. म्हणजे हिशेबनीस म्हणतात तसंच.

पण एक गोष्ट त्यांनी जमेत धरलेली नाही. कंपन्यांनी या निर्णयाविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती, तिथे शहराला वर्षं काढावी लागली. आणि आता कंत्राटं लिहिणारी, गाडी किती मिनिटं उशिरा आली ते तपासणारी, दंड लावणारी माणसं शहराच्या नोकरीत आहेत. त्यांना बस कळते. ती माणसं नसतील तर कंत्राट म्हणजे रद्दी.

माहीमचा_तिसरा_डबा

ओल्डहॅमकरांचा शेवटचा परिच्छेद चौकट करून बेस्टच्या दारावर लावा.

बेस्ट आधी खासगी कंपनीच होती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९०५ ची कंपनी, वीज आणि ट्राम दोन्ही. ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेने घेतली, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी. पुढे विजेच्या बिलातून बसचा तोटा भरून निघायचा. वीजग्राहक म्हणून आम्ही कुरकुरायचो, पण बस मिळायची. तो मार्ग काही वर्षांपूर्वी बंद झाला. मग २०१९ मध्ये किमान भाडं आठवरून पाच रुपये केलं (लोक खूश, मीही खूश) आणि गाड्या कंत्राटाने घ्यायला सुरुवात झाली. गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, देखभाल कंपनीची, बेस्ट किलोमीटरमागे पैसे देणार.

कागदावर हे लंडनच. प्रत्यक्षात काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून मधेच सेवा सोडून गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हर संपावर गेले, कारण शेजारच्या गाडीवर तेच काम करणाऱ्या बेस्टच्या ड्रायव्हरचा पगार त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला जो अपघात झाला ती गाडीही कंत्राटावरचीच. ड्रायव्हरला त्या इलेक्ट्रिक गाडीचं पुरेसं प्रशिक्षण मिळालं होतं का, हा प्रश्न तेव्हा सगळ्या शहराने विचारला. आता तो कुणी विचारत नाही. दरम्यान बेस्टच्या स्वतःच्या गाड्या मोडीत जात राहिल्या, आणि मे २०२५ मध्ये पाचाचे दहा रुपये झाले.

स्वतःच्या गाड्या नसल्या की कंत्राटदाराशी भांडणार कशाच्या जोरावर? 'चाललो मी' म्हणाला की झालं. लंडनमध्ये दुसरे पाच जण रांगेत उभे असतात. आपल्याकडे रांगेत तोच असतो, नाव बदलून.

हिशेबनीस

हा मुद्दा मला बोचला. खरंच. दोन दिवसांनी उत्तर देतो.

फोंडेकर

गोव्याचं थोडं. कदंब, म्हणजे आमचं सरकारी बस महामंडळ, १९८० मध्ये सुरू झालं, पण आमच्याकडे खासगी बसच जास्त. दिवसा फोंडा-पणजी मार्गावर काही त्रास नाही, गाडीवर गाडी. रात्र झाली की मात्र रस्ता मोकळा. रविवारी तर विचारूच नका. म्हणून गोव्यात घरटी दुचाकी आहे, नवऱ्याची, बायकोची, पोराची. लोक म्हणतात गोंयकार श्रीमंत. अहो, बस नाही म्हणून गाड्या आहेत. आता खासगी बसवाल्यांना कदंबच्या छत्राखाली आणायची 'म्हजी बस' योजना आलीय. बघू.

चिंचेचं_बोटूक

कुणी २०२१-२२ च्या संपाबद्दल बोलतच नाहीये. खासगीकरणाची रंगीत तालीम तेव्हा झालीच होती की!

नोव्हेंबरमध्ये एसटी पूर्ण थांबली. सरकारने खासगी बस, शाळेच्या बस, अगदी मालवाहू गाड्यांनासुद्धा प्रवासी न्यायची परवानगी दिली. थेट एसटीच्या स्थानकातून! हायकोर्टाने २२ एप्रिलपर्यंत कामावर या म्हणून सांगितलं तोवर, म्हणजे साडेपाच महिने. मैदान मोकळं, स्पर्धक घरी बसलेला. कंपन्यांना याहून चांगली संधी कोणती? आमच्या तालुक्याच्या स्टँडवर काय दिसलं सांगते. पुण्याच्या, नाशिकच्या गाड्या लागल्या, तिप्पट भाड्याने. आतल्या गावांकडे कोण गेलं? कुणी नाही. वडाप गेली, जीपच्या टपावर पोरं बसवून. आमच्या शेजारच्या दोन मुली त्या वर्षी बारावीला होत्या. त्यांचा पास फुकट होता, अहिल्याबाई होळकर योजनेतला. जीपवाला पासवर नेतो का? एकीने ते वर्ष घरी काढलं. पुढे लग्नच झालं तिचं.

हिशेबनीस

वाचून वाईट वाटलं. तरी एक सांगू का? साडेपाच महिन्यांच्या परवानगीवर कोण गाड्या विकत घेईल? संप उद्या मिटेल या हिशेबाने जो तो आला आणि मिळेल ते ओरबाडून गेला. पाच-सात वर्षांचा करार आणि किलोमीटरला ठरलेला पैसा असता तर लोक वेगळे वागले असते. ती तालीम नव्हती. ती लूट होती, आणि ती सरकारनेच करू दिली. खासगी गाड्यांनी एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये हा नियम २०१८ पासून आहे. दर दिवाळीला तो कुठे असतो?

चिंचेचं_बोटूक

तेच तर! जे सरकार दीडपटीचा एक नियम पाळून घेऊ शकत नाही, ते तुमचं शंभर पानी कंत्राट पाळून घेणार? कशाच्या भरवशावर?

टाळी_वाजवणारा_नाही

नाव बदलतो. ही टाळी.

माजी_वाहक

ताईंनी संपाचा विषय काढला म्हणून लिहितो. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण पुतण्या संपात होता. नव्या पोरांच्या हातात महिन्याला इतके कमी पडायचे की शेजारचा वडापवाला त्याच्यापेक्षा सुखी. सरकारने मधेच कमी सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात पाच हजार वाढवले, तरी एसटीच्या सरकारात विलीनीकरणावर अडून राहिली पोरं. ते होणार नव्हतं, हे आम्हा जुन्यांना कळत होतं. पण त्या संपात एसटीचा जो प्रवासी तुटला तो पूर्ण परत आला नाही, हेही खरं. दोष वाटायचा झाला तर आम्हालाही वाटा घ्यावा लागेल.

आता तोट्याबद्दल. दहा हजार कोटी ऐकून छाती दडपते. पण एसटी तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर भरत आली. शंभराचं भाडं घेतलं की त्यावर साडेसतरा रुपये सरकारला. टोल वेगळा, डिझेलवरचा कर वेगळा. आणि सवलती? पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून फुकट, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. चांगल्या योजना आहेत, गाड्या परत भरल्या त्यांनी. पण घोषणा मंत्र्याची, पैसे आधी आमच्या गल्ल्यातून, आणि सरकारकडून परतफेड सवडीने. दुकानात उधारीवर माल न्यायचा आणि वर म्हणायचं, तुमचं दुकान तोट्यात आहे हो!

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर राजस्थानातल्या कोट्यात अडकलेली पोरं आणायला धुळ्याहून सत्तर गाड्या गेल्या. परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेवर सोडलं. बेस्टला माणसं कमी पडली तेव्हा आमच्या सांगली-कोल्हापूरच्या पोरांना मुंबईत नेऊन उभं केलं. आषाढीला, गणपतीला, निवडणुकीला एक आदेश निघाला की हजारो गाड्या हलतात. (तेव्हा गावाकडच्या फेऱ्या रद्द होतात आणि कंडक्टर शिव्या खातो, हेही लिहून ठेवा.) कंत्राटावरच्या गाडीला असा आदेश देता येईल का? द्या की. पण आधी करारातलं कलम काढा, मग वकील काढा, मग दर ठरवा. तोवर एकादशी होऊन बारस उजाडेल.

संपादक_मंडळ

धाग्यावरचे बीएसएनएल, बुलेट ट्रेन आणि नेहरू यांवरचे बावीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

हिशेबनीस

म्हटल्याप्रमाणे दोन दिवसांनी.

माहीमकरांचा मुद्दा: स्वतःच्या गाड्या नसतील तर सौदा करता येत नाही. हे मला मान्य करावं लागतंय. मी व्यवसायाने ऑडिटर आहे. कारखान्यांत हे नेहमी बघतो. सगळं काम बाहेरून करून घेणारा मालक पहिली तीन वर्षं खूश असतो. चौथ्या वर्षी बाहेरचा दर वाढवतो, आणि तेव्हा मालकाकडे मशीनही नसतं आणि मशीन चालवणारा माणूसही नसतो. म्हणून शहाणा मालक निम्मं काम घरात ठेवतो. नफ्यासाठी नव्हे, खरा खर्च किती येतो ते स्वतःला कळावं म्हणून.

एसटीचं आज तेच चाललंय. २०१७ मध्ये शिवशाही आली तेव्हापासून भाड्याच्या गाड्या. १ जून २०२२ ला पहिली इलेक्ट्रिक शिवाई पुणे-नगर मार्गावर सोडली. तोच मार्ग, तोच दिवस, ज्या दिवशी १९४८ मध्ये पहिली एसटी सुटली होती. फरक एवढाच की पहिली गाडी सरकारच्या मालकीची होती आणि ही भाडेकराराची. पाच हजारांवर इलेक्ट्रिक गाड्यांचा करारही त्याच पद्धतीचा. तेव्हा 'एसटी विका की ठेवा' हा वाद घालत बसलेल्या सगळ्यांना, मी धरून, सांगायला हवं की विक्री अशी एका दिवशी होत नसते. ती गाडीगाडीने होते, आणि पाटी तीच राहते.

माझं मत बदललं का? अर्धं. टेंडर हवं, वस्तीच्या गाडीचा पैसा सरकारने उघडपणे आणि वेळेवर द्यायला हवा, यावर मी ठाम आहे. पण निम्म्या तरी गाड्या, सगळी आगारं आणि वर्कशॉप स्वतःची हवीत. स्थानकांच्या जागा तर अजिबात हातच्या जाऊ देऊ नयेत. एकदा मोक्याची जागा गेली की गाडी उभी करायला गावाबाहेर जावं लागेल, आणि गावाबाहेरच्या स्थानकावर म्हातारी माणसं जात नाहीत.

नवी_मुंबई_रिटर्न

अर्धं बदललं म्हणजे काय? कुठल्या तरी एका बाजूला राहा की राव.

माजी_वाहक

साहेब, तुमच्या गाडीगाडीने विक्रीवर एक सांगतो. भाडेकराराच्या गाडीत ड्रायव्हर कंपनीचा आणि कंडक्टर आपला. घाटात गाडी बंद पडली तर ड्रायव्हर त्याच्या सुपरवायझरला फोन लावणार, कंडक्टर आगाराला. आगार म्हणणार, कंपनीची गाडी आहे, कंपनीला विचारा. प्रवासी मात्र दोघांना सोडून कंडक्टरचीच कॉलर धरणार, कारण बॅच त्याच्या छातीवर आहे. आमच्या वेळी एकाच गाडीचे आम्ही दोघं मिळून शिव्या खायचो. त्यातही एक सोबत होती.

पाटणची_पोर

एवढं सगळं लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. ग्रुपवरच्या काकांना काय उत्तर द्यायचं ते अजून ठरलं नाही, पण एक केलं. काल आईला फोन करून विचारलं की मुक्कामी गाडीत हल्ली किती माणसं असतात. ती म्हणाली, "वर येताना चार-पाच. सकाळी मोज की तूच येऊन." मग म्हणाली, अर्ध्या तिकिटामुळे बायका आता बाजारालाही एसटीनेच जातात, वडापवाला रुसलाय.

तर मी माहिती अधिकारात अर्ज करणार आहे. आमच्या त्या गाडीवर वर्षाला खर्च किती, उत्पन्न किती. एका गाडीचा हिशेब तरी हातात असावा. @हिशेबनीस, अर्जाचा मसुदा बघाल का?

हिशेबनीस

जरूर. निरोप पेटीत पाठवा. गेल्या तीन वर्षांचे आकडे मागा, एका वर्षावरून काही कळत नाही. खर्चात पगार आणि डिझेल वेगळं मागा.

माजी_वाहक

आणि ताई, संध्याकाळ-सकाळची फेरी एकत्र मागा. वेगवेगळी मागितली तर ती लाल-हिरवीच येईल. दुसरं म्हणजे, पासवाली पोरं तिकिटाच्या रोकडीत दिसत नाहीत. पासधारक किती, सवलतीचे प्रवासी किती आणि त्यांच्यापोटी सरकारकडून किती आले, हे वेगळं लिहून मागा. नाहीतर तुमच्या गाडीत पहाटे साठ माणसं असतील आणि कागदावर अकरा येतील.